लॅपटॉप तापून मंदावतो तेव्हा: आधी ब्रेक कोण दाबतंय ते शोधा, मग सेटिंगला हात लावा

लॅपटॉप तापतो, फॅनचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू जातो आणि ऐन कामात माऊससुद्धा अडखळायला लागतो. नेटवर उपाय शोधायला गेलं की ठरलेली यादी हाती पडते: मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करा, हाय परफॉर्मन्स प्लॅन लावा, कूलिंग पॅड घ्या. यातला प्रत्येक उपाय कुठल्या ना कुठल्या मशीनवर खरोखर लागू पडतो. पण पहिले दोन एकमेकांच्या अगदी उलट आहेत: एक वेग रोखतो, दुसरा वाढवतो. तुमच्या लॅपटॉपचा वेग नेमका कशामुळे पडतोय हे कळल्याशिवाय त्यातला कुठला घ्यायचा हे कुणीच सांगू शकत नाही.

म्हणून इथे आधी मोजायचं कसं ते पाहू आणि बदल नंतर करू. लेख मुख्यतः विंडोज १० आणि ११ साठी आहे, लिनक्सवर काम करणाऱ्यांसाठी पुढे वेगळा भाग आहे. मेनू आणि आज्ञांची नावं देवनागरीत दिली आहेत. आज्ञा टाइप करताना मात्र इंग्रजी अक्षरांतच टाइप करा.

वेग ठरवतं कोण?

बऱ्याच जणांना वाटतं की प्रोसेसर किती वेगात चालवायचा हे विंडोज ठरवते. एके काळी ते बऱ्यापैकी खरं होतं. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ मध्ये एसीपीआय हे मानक आणलं. वीज आणि उष्णता यांचे निर्णय ऑपरेटिंग सिस्टमच्या हाती यावेत हा त्यामागचा हेतू. त्यात प्रत्येक ‘थर्मल झोन’ला, म्हणजे ज्याचं तापमान मोजलं जातं अशा भागाला, तीन प्रकारचे टप्पे असतात. अ‍ॅक्टिव्ह टप्पा ओलांडला की फॅन लावायचा, पॅसिव्ह ओलांडला की प्रोसेसर हळू करायचा आणि क्रिटिकल ओलांडला की मशीन बंद करायचं. ही चौकट आजही जागेवर आहे.

वेगाची निवड मात्र आता खाली सरकली आहे. इंटेलने २०१५ मध्ये स्कायलेक प्रोसेसरांबरोबर ‘स्पीड शिफ्ट’ आणलं. तेव्हापासून विंडोज प्रोसेसरला अमुक फ्रिक्वेन्सीवर चाल असं सहसा सांगत नाही. ती किमान मर्यादा देते, कमाल मर्यादा देते आणि एक कल कळवते: वेग हवा की विजेची बचत. हा कल म्हणजे ईपीपी. हार्डवेअरमध्ये तो ० ते २५५ असा आकडा असतो, ० म्हणजे पूर्ण वेगाकडे, २५५ म्हणजे पूर्ण बचतीकडे. त्या चौकटीत राहून क्षणोक्षणी वेग निवडण्याचं काम प्रोसेसर स्वतः करतो. एएमडीच्या रायझनवर सीपीपीसी या तशाच यंत्रणेच्या मार्गाने साधारण असंच चालतं.

आणि या सगळ्याच्या खाली असे ब्रेक आहेत ज्यांच्यापुढे विंडोजचं काही चालत नाही. पहिला तापमानाचा. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. दुसरा विजेचा: सतत किती वॅट घ्यायचे आणि थोड्या वेळापुरते किती, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवून देते. तिसरा ब्रेक म्हणजे मदरबोर्डवरून येणारा एक सिग्नल. त्याला प्रोकहॉट म्हणतात. नावात ‘हॉट’ असलं तरी तो फक्त उष्णतेमुळे येतो असं नाही. चार्जर नीट ओळखला गेला नाही तरी येऊ शकतो. यातला कुठला ब्रेक लागलाय ते शोधणं हे पहिलं काम.

पायरी १: मोजण्याआधीची तयारी

लॅपटॉप टेबलावर ठेवा, गादीवर किंवा मांडीवर नको. मूळ चार्जर लावा. ब्राउझर, क्लाउड सिंक, अँटिव्हायरसचं स्कॅन, जे बंद करता येईल ते बंद करा. आणि खोलीचं तापमान लिहून ठेवा.

या शेवटच्या गोष्टीकडे लोक दुर्लक्ष करतात, पण आपल्याकडे तिला फार महत्त्व आहे. काम तेच, वीज तेवढीच आणि फॅनचा वेगही तोच असेल, तर चिप आणि खोली यांच्या तापमानातला फरक जवळपास कायम राहतो. म्हणजे २५ अंशांच्या खोलीत जी चिप ८० अंशांवर स्थिरावते, ती ४२ अंशांच्या खोलीत ९७ पर्यंत जाईल. जानेवारीत विनातक्रार चाललेला लॅपटॉप मे महिन्यात अकोल्यात किंवा चंद्रपुरात दुपारी मंदावला, तर तो बिघडलाच असेल असं नाही. विदर्भातल्या कोरड्या हवेत डेझर्ट कूलर खोलीचं तापमान चांगलं उतरवतो आणि तेवढा थेट फायदा प्रोसेसरला मिळतो. फक्त कूलरचा झोत आणि तुषार लॅपटॉपवर येऊ देऊ नका. कोकणात दमट हवेमुळे हा उपाय फारसा चालत नाही. तिथे जड काम पहाटे किंवा रात्री लावणं शहाणपणाचं.

पायरी २: परफॉर्मन्स मॉनिटर लावा

टास्क मॅनेजरमध्ये वेग दिसतो, पण वेग का पडला ते दिसत नाही. ग्राफिक्स कार्डाचं तापमान तो दाखवतो, प्रोसेसरचं दाखवत नाही. म्हणून विंडोजमध्येच असलेलं दुसरं साधन वापरायचं. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा आणि ‘परफमॉन’ (perfmon) टाइप करा. डावीकडे ‘परफॉर्मन्स मॉनिटर’ निवडा, हिरव्या अधिकच्या चिन्हावर क्लिक करा आणि हे काउंटर जोडा.

‘प्रोसेसर इन्फर्मेशन’ या गटातून ‘% प्रोसेसर परफॉर्मन्स’ आणि ‘% परफॉर्मन्स लिमिट’ घ्या. दोन्हीसाठी ‘टोटल’ निवडलं तरी पुरतं.

‘थर्मल झोन इन्फर्मेशन’ या गटातून ‘टेंपरेचर’, ‘% पॅसिव्ह लिमिट’ आणि ‘थ्रॉटल रीझन्स’ घ्या.

आलेखापेक्षा आकडे वाचणं सोपं जातं, म्हणून वरच्या पट्टीतून ‘रिपोर्ट’ हे दृश्य निवडा. आता या आकड्यांचा अर्थ पाहू.

‘% प्रोसेसर परफॉर्मन्स’मध्ये १०० म्हणजे प्रोसेसरचा मूळ वेग, बेस फ्रिक्वेन्सी. टर्बो, म्हणजे मूळ वेगाच्या वर जाण्याची सोय, चालू असेल तर आकडा १०० च्या वर जातो आणि ते अगदी योग्य आहे. ‘% परफॉर्मन्स लिमिट’ १०० असेल तर प्रोसेसरवर बंधन नाही. तो खाली आला तर विंडोजच्या पॉवर सेटिंगने किंवा खालच्या हार्डवेअरने किंवा फर्मवेअरने (मदरबोर्डवरच बसवलेल्या सॉफ्टवेअरने) वेगाला आळा घातला आहे असं समजा. ‘% पॅसिव्ह लिमिट’ १०० पेक्षा कमी झाला तर आळा थर्मल झोनमुळे आहे. ‘थ्रॉटल रीझन्स’ ० असेल तर त्या झोनकडून काही अडवणूक नाही, १ म्हणजे उष्णता आणि २ म्हणजे विद्युत प्रवाहाची मर्यादा.

‘टेंपरेचर’चा आकडा पाहून दचकू नका, तो केल्व्हिनमध्ये असतो. त्यातून २७३ वजा करा. ३४३ दिसलं तर ते ७० अंश सेल्सिअस. एक सावधगिरी मात्र हवी: हा झोन मदरबोर्डवर कुठे आहे हे कंपनीच्या फर्मवेअरवर अवलंबून असतं. काही लॅपटॉपवर हा आकडा तसूभरही हलत नाही. तसं असेल तर एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. त्यात प्रत्येक कोअरचं तापमान, प्रोसेसर खात असलेले वॅट आणि वेग अडवण्याचं कारण एकाच ठिकाणी दिसतं. मला स्वतःला तेच जास्त भरवशाचं वाटतं. परफमॉनचा फायदा असा की ऑफिसच्या लॅपटॉपवर, जिथे बाहेरचं काही टाकता येत नाही, तिथेही ते चालतं.

आता ताण द्या. सेव्हन-झिप या फाइली लहान करणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘टूल्स’ मेनूत ‘बेंचमार्क’, म्हणजे वेगाची चाचणी, आहे. तो दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा, संपला तर पुन्हा सुरू करा. पहिलं मिनिट, पाचवं मिनिट आणि शेवट अशा तीन वेळी वेग, तापमान आणि बेंचमार्कचा आकडा वहीत लिहा.

पायरी ३: आकडे काय सांगतात

*सुरुवातीला सुसाट, मग अर्ध्या मिनिटाने वेग उतरतो आणि तिथेच स्थिर होतो. तापमान मर्यादेपासून बरंच लांब.* हा विजेचा ब्रेक, आणि हा दोष नव्हे. थंड तवा तापायला जसा वेळ लागतो तसा हीटसिंकलाही, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागालाही, लागतो. त्या वेळाचा फायदा घेऊन प्रोसेसर थोडा वेळ जास्त वीज घेतो आणि नंतर ठरलेल्या वॅटवर येतो. कोअर आय ५-८२५०यू घ्या. जाहिरातीत ३.४ गिगाहर्ट्झ दिसतं, बेस १.६ आहे आणि सतत घ्यायची वीज १५ वॅट. चारही कोअर एकदम जुंपले तर १५ वॅटमध्ये ३.४ वर टिकून राहणं शक्य नसतं, वेग या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी थांबतो. हा नमुना दिसला तर साफसफाई किंवा थर्मल पेस्ट (चिप आणि हीटसिंक यांच्यामधला लेप) यांनी फार फरक पडणार नाही. कंपनीच्या अ‍ॅपमधला परफॉर्मन्स मोड लावून पाहा, तोच बऱ्याचदा वॅटची मर्यादा वाढवतो.

*तापमान ९५ ते १०० ला चिकटलेलं आणि वेग सतत वरखाली.* हा उष्णतेचा ब्रेक. इथे सेटिंगचा उपयोग होतो, पण अर्धाच. उरलेलं काम ब्रशचं आहे, ते पुढे येईल.

*सुरुवातीपासूनच वेग ०.४ ते ०.८ गिगाहर्ट्झवर अडकलेला आणि लॅपटॉप चक्क गार.* या तिसऱ्या प्रकाराने लोक सर्वांत जास्त हैराण होतात, कारण विंडोज पुन्हा टाकूनही तो जात नाही. चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. चार्जर काढताच वेग पूर्ववत झाला तर चार्जर किंवा त्याची पिन संशयित. अनेक लॅपटॉप चार्जरची ओळख तपासतात. ती पटली नाही किंवा ६५ वॅटच्या जागी ४५ वॅटचा यूएसबी-सी चार्जर लावला, तर फर्मवेअर प्रोसेसरला दाबून ठेवू शकतं. रस्त्यावरच्या दुकानातून घेतलेला ‘त्याच पिनचा’ चार्जर इथे महाग पडतो. चार्जर ठीक असेल तर बायोस, म्हणजे मदरबोर्डचं फर्मवेअर, अद्ययावत करा, आणि लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर काढून, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून ठेवा. त्याने एम्बेडेड कंट्रोलर (चार्जिंग, फॅन सांभाळणारी छोटी चिप) रिसेट होण्याची चांगली शक्यता असते.

या तिसऱ्या प्रकाराचा पुरावा विंडोज स्वतः लिहून ठेवते. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, ‘विंडोज लॉग्ज’मध्ये ‘सिस्टम’ निवडा आणि ‘कर्नल-प्रोसेसर-पॉवर’ या स्रोताची ३७ क्रमांकाची नोंद शोधा. अमुक प्रोसेसरचा वेग सिस्टम फर्मवेअरने मर्यादित केला आहे आणि मागच्या नोंदीपासून तो इतके सेकंद त्या स्थितीत आहे, असं त्यात लिहिलेलं असतं. अधूनमधून एखादी नोंद आली तर सोडून द्या. दररोज डझनांनी येत असतील तर दोष विंडोजमध्ये शोधू नका.

आणि वरचं काहीच दिसत नसेल, वेग चांगला, तापमान बेताचं आणि तरी मशीन रडतंय, तर हा विषय प्रोसेसरचा नाहीच. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी आणि डिस्क बघा. ४ जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क असलेल्या लॅपटॉपवर पॉवर प्लॅन बदलत बसण्यात अर्थ नाही.

पायरी ४: विंडोजमधले बदल

एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर तोच बेंचमार्क लावा. हा नियम पाळला नाही तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

सुरुवात सर्वांत साध्या जागेपासून. विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टम’, ‘पॉवर अँड बॅटरी’, ‘पॉवर मोड’ इथे तीन पर्याय आहेत. या निवडीतून ईपीपीचा तो कल बदलतो. ‘बेस्ट परफॉर्मन्स’वरून ‘बॅलन्स्ड’वर आलात तर रोजच्या कामात फरक फारसा जाणवत नाही आणि फॅन मात्र शांत होतो. हाय परफॉर्मन्स प्लॅन लावून ‘मिनिमम प्रोसेसर स्टेट’ १०० टक्के करण्याचा सल्ला मी कुणालाही देणार नाही. आधुनिक प्रोसेसर गरज पडताच काही मिलिसेकंदांत वर जातो, त्याला सतत वर टांगून ठेवल्याने उष्णता वाढण्यापलीकडे बहुधा काही होत नाही.

विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून टास्क मॅनेजरमध्ये एखाद्या प्रोसेसवर उजवं क्लिक करून ‘एफिशियन्सी मोड’ लावता येतो. त्या प्रोसेसचं प्राधान्य कमी होतं आणि ती कमी विजेत चालवावी अशी सूचना प्रोसेसरपर्यंत जाते. मागे गुपचूप चालणाऱ्या एखाद्या अपडेटरला आवर घालायला हे उत्तम.

आता त्या ९९ टक्क्यांकडे. कंट्रोल पॅनलमध्ये ‘पॉवर ऑप्शन्स’, ‘चेंज प्लॅन सेटिंग्ज’, ‘चेंज अ‍ॅडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज’, ‘प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट’ असं गेलं की ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ सापडतं. तिथे ९९ केलं की बहुतेक मशीनवर टर्बो बंद होतो. तापमान झटकन उतरतं म्हणून लोक खूश होतात, पण वरच्या उदाहरणातला आय ५ आता १.६ गिगाहर्ट्झच्या वर जाणारच नाही. त्याचा अर्ध्याहून जास्त वेग गेला.

याहून चांगला मार्ग आहे, आणि तो समजायला थोडं गणित लागतं. प्रोसेसर खातो त्या विजेचा मोठा भाग व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात असतो. वेगाच्या वरच्या टोकाला फ्रिक्वेन्सी वाढवायची तर व्होल्टेजही वाढवावं लागतं. समजा फ्रिक्वेन्सी १० टक्क्यांनी उतरवली आणि व्होल्टेजही तेवढंच उतरलं, तर ०.९ गुणिले ०.९ गुणिले ०.९ म्हणजे ०.७३ उरतात. दहा टक्के वेग सोडला आणि विजेची जवळपास २७ टक्के बचत झाली. म्हणून टर्बो साफ बंद करण्यापेक्षा त्याचा शेंडा छाटणं फायद्याचं.

त्यासाठी विंडोजमध्ये एक लपलेलं सेटिंग आहे, ‘मॅक्सिमम प्रोसेसर फ्रिक्वेन्सी’. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि ही आज्ञा द्या:

पॉवरसीएफजी -अ‍ॅट्रिब्यूट्स सब_प्रोसेसर प्रॉकफ्रेकमॅक्स -अ‍ॅट्रिब_हाइड (powercfg -attributes SUB_PROCESSOR PROCFREQMAX -ATTRIB_HIDE)

उणे चिन्हासकट शेवटचा शब्द म्हणजे ‘लपवणं काढून टाक’. आता तेच अ‍ॅडव्हान्स्ड पान पुन्हा उघडलं की हा नवा पर्याय दिसेल. ० म्हणजे मर्यादा नाही. आकडा मेगाहर्ट्झमध्ये द्यायचा. बेंचमार्कच्या शेवटी जो वेग टिकला होता त्यापेक्षा थोडा वरचा आकडा घाला. टिकलेला वेग २.४ गिगाहर्ट्झ असेल तर २६०० घालून बघा. लांब चालणाऱ्या कामाचा वेग जवळपास तोच राहतो. जातात ते फक्त सुरुवातीचे उष्ण झटके, ज्यांनी फॅन किंचाळत होता. इंटेलच्या १२ व्या पिढीपासूनच्या बऱ्याच प्रोसेसरांत दोन जातींचे कोअर असतात. तिथे मोठ्या कोअरसाठी ‘एफिशियन्सी क्लास १’ असं लिहिलेला वेगळा पर्याय आहे. त्याच्या आज्ञेत प्रॉकफ्रेकमॅक्स या शब्दापुढे १ जोडा.

‘सिस्टम कूलिंग पॉलिसी’ही त्याच पानावर असते. ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे आधी फॅन वाढव, मग वेग कमी कर. ‘पॅसिव्ह’ म्हणजे आधी वेग कमी कर. पण बहुतेक लॅपटॉपमध्ये फॅन एम्बेडेड कंट्रोलरच्या ताब्यात असतो, त्यामुळे यातून काही झालं नाही तर नवल वाटून घेऊ नका. फॅनवर खरा ताबा कंपनीच्या अ‍ॅपचा असतो. लेनोवोच्या अनेक लॅपटॉपवर एफएन आणि क्यू ही बटणं एकत्र दाबून मोड बदलतो.

अंडरव्होल्टिंगबद्दल, म्हणजे प्रोसेसरचं व्होल्टेज ठरलेल्यापेक्षा कमी करण्याबद्दल, बरेच जण विचारतात. २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट ही सुरक्षेतली त्रुटी उघड झाली. सॉफ्टवेअरमधून व्होल्टेज बदलून प्रोसेसरच्या सुरक्षित भागातली माहिती फोडता येते, असं संशोधकांनी दाखवलं. त्यानंतर अनेक कंपन्यांनी बायोस अपडेटमधून ही सोय बंद केली. त्यासाठी जुनं बायोस टाकण्याच्या फंदात पडू नका.

पायरी ५: उष्णतेचा ब्रेक असेल तर आतली सफाई

मागचं झाकण उघडण्याआधी वॉरंटी तपासा, लॅपटॉप पूर्ण बंद करा आणि शक्य तर बॅटरीची पिन काढा. धूळ फॅनच्या पात्यांवर असतेच, पण खरा अडसर फॅन आणि तांब्याच्या बारीक पट्ट्या यांच्या मध्ये असतो. तिथे धूळ आणि केस मिळून नमद्यासारखा थर बसतो, बाहेरून जाळीतून टॉर्च मारला तर तो दिसतसुद्धा नाही. मऊ ब्रशने तो काढा. हवा मारायची असेल तर फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो मोकाट फिरून बेअरिंग बिघडू शकतं.

तीन-चार वर्षं जुना लॅपटॉप असेल आणि सफाईनंतरही बेंचमार्क सुरू होताच काही सेकंदांत तापमान ९५ ला भिडत असेल, तर थर्मल पेस्ट वाळली आहे असं समजायला हरकत नाही. तापमान हळूहळू, पाच-सात मिनिटांनी वर चढत असेल तर दोष पेस्टपेक्षा हवेच्या वाटेत किंवा फॅनमध्ये असण्याची शक्यता जास्त.

लिनक्स वापरत असाल तर

लिनक्सवर हे सगळं जास्त उघड्यावर असतं. एलएम-सेन्सर्स हे पॅकेज टाकून ‘सेन्सर्स’ आज्ञा दिली की तापमान दिसतं. थेट फाइल वाचायची तर ‘/सिस/क्लास/थर्मल’ या फोल्डरात प्रत्येक थर्मल झोनची ‘टेंप’ फाइल आहे, त्यातला आकडा अंशाच्या हजाराव्या भागात असतो, ७०००० म्हणजे ७० अंश. इंटेलवर ‘/सिस/डिव्हाइसेस/सिस्टम/सीपीयू/सीपीयू०/थर्मल_थ्रॉटल’मधली ‘कोअर_थ्रॉटल_काउंट’ ही फाइल फार कामाची. बेंचमार्कच्या आधी आणि नंतर तिचा आकडा वाचा. वाढला असेल तर उष्णतेने ब्रेक लागला, वाद संपला.

इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे. ‘स्केलिंग_गव्हर्नर’ फाइलमध्ये ‘पॉवरसेव्ह’ दिसलं की लोक घाबरून ‘परफॉर्मन्स’ लावतात. इंटेल_पीस्टेट हा ड्रायव्हर अ‍ॅक्टिव्ह मोडमध्ये असताना ‘पॉवरसेव्ह’चा अर्थ सर्वांत कमी वेग असा होत नाही, कामानुसार वेग वरखाली होत राहतो. कल बदलायचा तर नोम या डेस्कटॉपच्या सेटिंग्जमधला पॉवर मोड बदला. त्यामागे सहसा पॉवर-प्रोफाइल्स-डेमन हा मागे चालणारा प्रोग्राम काम करतो. तो आणि टीएलपी हे वीज वाचवणारं दुसरं साधन एकाच वेळी चालू ठेवू नका, दोघं एकाच सेटिंगवर हात ठेवतात. रायझन असेल तर एएमडी-पीस्टेट ड्रायव्हर कर्नल ५.१७ पासून, म्हणजे २०२२ पासून, उपलब्ध आहे.

मशीन आपोआप बंद पडत असेल तर

इथे सेटिंगचे प्रयोग थांबवा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर’ची ४१ क्रमांकाची नोंद एवढंच सांगते की मशीन नीट बंद न होता बंद पडलं. वीज गेली, बॅटरी संपली, काहीही असू शकतं. ८६ क्रमांकाची नोंद असेल तर क्रिटिकल टप्पा ओलांडला म्हणून मशीन बंद झालं आहे. दुरुस्तीला देताना त्या नोंदीचा फोटो, खोलीचं तापमान आणि बेंचमार्कच्या पहिल्या, पाचव्या आणि शेवटच्या मिनिटाचे तुमचे आकडे सोबत द्या. ‘फॅन फिरतोय का, पट्ट्यांमधली धूळ काढली का, पेस्ट बदलली का’ हे तीन प्रश्न स्पष्ट विचारा. ‘फॉरमॅट मारून देतो’ हे उत्तर मिळालं तर लॅपटॉप परत घ्या आणि दुसरीकडे दाखवा. लॅपटॉप हाती आल्यावर पैसे देण्याआधी तोच बेंचमार्क दुकानातच दहा मिनिटं चालवून घ्या.